चौकशीला नेलं, दोन रात्री बाकावर बसवलं, कागदावर अटक फक्त पाच तासांची: भरपाई मागायची तर कुठे आणि किती दिवसांत?

तांबडीमाती

मंडळी, प्रश्न वाड्यावरच्या एका मुलाचा आहे. वय ३४, भाड्याची गाडी चालवतो. पोलीस स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही, उत्तर गोव्यातलं आहे एवढं पुरे.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला दोन कॉन्स्टेबल घरी आले आणि "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम" म्हणून त्याला घेऊन गेले. लेखी काही नाही. मोबाईल काढून घेतला आणि एका चोरीबद्दल विचारपूस केली. लॉकअपमध्ये घातलं नाही, पण ड्युटी ऑफिसरच्या टेबलासमोरच्या बाकावर दोन रात्री बसवून ठेवलं. शनिवारी घरचे गेले त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. रविवारी सकाळी अकराला कलम १७० खाली अटक दाखवली, चारला मामलेदारापुढे (तालुक्याचा कार्यकारी मॅजिस्ट्रेट) नेलं, बाँडवर सही घेतली आणि सोडलं. चोरीच्या एफआयआरमध्ये त्याचं नाव नाही. मारहाण झालेली नाही. सुटून आज बारा दिवस झाले.

पोलीस म्हणतात तो आपणहून आला होता, हवं तेव्हा जाऊ शकत होता, अटक रविवारचीच. कोणी म्हणतं हायकोर्टात जा, कोणी म्हणतं मानवाधिकार आयोग, कोणी म्हणतं आधी सरकारची मंजुरी लागते. पोलिसांवर दावा लावायचा तर नेमकी वाट कोणती? आणि मुदत किती?

कागदोपत्री

आधी हिशेब करा. शुक्रवार साडेसात ते रविवार चार म्हणजे साडेचव्वेचाळीस तास. कागदावर पाच. मधले साडेएकोणचाळीस तास पोलिसांच्या लेखी घडलेलेच नाहीत, आणि तुमचं सगळं प्रकरण त्याच तासांवर उभं राहणार आहे.

अटक कधी सुरू होते हे अरेस्ट मेमोवरच्या वेळेवरून ठरत नाही. माणसाची ये-जा ज्या क्षणी रोखली, त्या क्षणी ती सुरू होते. मुंबई उच्च न्यायालयानं अशक हुसेन अल्लाह देठा प्रकरणात हेच सांगितलंय, आणि पर्वरीचं गोवा खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचं. लॉकअपचं दार लावलं नाही, बाकावर बसवलं, चहा पाजला, यानं फरक पडत नाही. मोबाईल काढून घेतलेला माणूस दोन रात्री बाकावर आपल्या मर्जीनं बसला असं म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारायचं, मोबाईल कोणत्या पंचनाम्याखाली घेतला?

म्हणजे घटनेच्या कलम २२(२) आणि बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेच्या) कलम ५८ ची चोवीस तासांची मर्यादा शनिवारी संध्याकाळी साडेसातलाच संपली. त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वजा होतो. स्टेशनपासून मामलेदार कचेरीपर्यंतच्या रस्त्याला वीस तास लागत नाहीत.

आता चौकशीचं बोलावणं. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. संशयित म्हणून बोलवायचं आणि अटकेची गरज नाही, तर कलम ३५(३) ची नोटीस, म्हणजे जुनी ४१अ. तोंडी "साहेबांनी बोलावलंय" हा तिसरा प्रकार कायद्यात नाही. आणि या दोन्हींपैकी कशाखालीही रात्रभर बसवता येत नाही.

कलम १७० म्हणजे जुनं १५१. दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत असल्याचं अधिकाऱ्याला माहीत असेल आणि अटकेशिवाय तो टाळताच येत नसेल, तरच ते वापरता येतं. झालेल्या चोरीच्या चौकशीसाठी हे कलम नाही. दोन दिवस स्टेशनात बसलेला माणूस रविवारी सकाळी अकराला कोणत्या गुन्ह्याचा बेत करत होता, याचं उत्तर मामलेदाराकडे पाठवलेल्या अहवालात शोधा. बहुतेक ठिकाणी तिथे छापील वाक्य असतं: अमुक इसम रस्त्यात आरडाओरड करत होता, शांतताभंगाची शक्यता होती. ते वाक्य आणि स्टेशन डायरी शेजारी शेजारी ठेवली की पोलिसांच्याच कागदानं पोलिसांची गोष्ट पडते.

म्हणून पहिलं काम मामलेदार कचेरीत. त्या प्रकरणाच्या प्रमाणित प्रती मागा: पोलिसांचा अहवाल, रोजनामा, कलम १३० चा आदेश, बाँड. कलम १२६ खाली बाँड मागण्याआधी आरोपाचा मथितार्थ, रक्कम आणि मुदत लिहिलेला १३० चा आदेश काढावा लागतो. तो न काढताच छापील बाँडवर सही घेतली असेल तर मामलेदारापुढची कारवाईही लंगडी पडते.

अरेस्ट मेमोही पाहा. कलम ३६ प्रमाणे त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, अटक झालेल्याचीही हवी. साक्षीदार म्हणून स्टेशनचाच होमगार्ड असेल तर तेही लिहून ठेवा. कलम ४७ खाली अटकेची कारणं सांगायची असतात, ४८ खाली नातेवाइकाला कळवायचं असतं आणि कोणाला, कधी कळवलं याची स्टेशनच्या वहीत नोंद करायची असते. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा प्रकरणात म्हटलंय. त्या क्षणी लेखी देता आली नाहीत तर तोंडी सांगायची आणि मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. आपल्याकडे कागद इंग्रजीत करून मराठी-कोंकणी माणसाची सही घेण्याची रीत आहे. याचिकेत हा मुद्दा वेगळा मांडा.

पाटोपूल

कागदोपत्री यांनी कायदा सांगितला. मी पुराव्याचं सांगतो, कारण बारा दिवस गेलेत आणि पुरावा आपोआप पुसला जातोय.

सर्वात घाई खासगी कॅमेऱ्यांची. घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावरची दुकानं, बार, पेट्रोल पंप, देवळाचा कॅमेरा. बहुतेकांच्या डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) पंधरा ते तीस दिवसांचंच राहतं, मग त्यावरच नवं रेकॉर्डिंग चढतं. आज-उद्यातच जा. पडद्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणू नका, मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग असतात. अ भाग ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानं भरायचा, ब भाग तज्ज्ञानं, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा) त्यात लिहायची. दुकानदार नंतर "मी कुठे कोर्टात येऊ" म्हणून मागे सरतो, म्हणून अ भागावर त्याची सही फाइल घेतानाच करून घ्या. डीव्हीआरचं घड्याळ मागेपुढे असेल तर किती मिनिटांनी, तेही तिथेच टिपा. दहा मिनिटांच्या फरकावरून उलटतपासणीत अख्खी फाइल संशयित ठरवतात.

आता स्टेशनचे कॅमेरे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं जागा मोजून सांगितल्यात: आत-बाहेर जायची सगळी दारं, मुख्य फाटक, लॉकअप, व्हरांडे, लॉबी, निरीक्षकाची खोली, ड्युटी ऑफिसरची खोली. तुमचा बाक याच यादीत येतो. रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर जास्तीत जास्त जितकं ठेवता येईल तितकं, पण एक वर्षाच्या खाली नाही. कॅमेरा नादुरुस्त झाला तर जिल्हा देखरेख समितीला कळवण्याची जबाबदारी स्टेशन प्रमुखाची.

तेव्हा आजच एक पत्र स्टेशन प्रमुखाला, एसपीला आणि पणजीच्या पोलीस मुख्यालयात. मजकूर चार ओळींचा: अमुक तारखेच्या संध्याकाळी सातपासून अमुक तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंतचं फाटक, लॉबी आणि ड्युटी ऑफिसरच्या खोलीचं रेकॉर्डिंग कोर्टाच्या कामासाठी जपून ठेवा, पुसलं गेल्यास पुरावा नष्ट केला असं समजलं जाईल. हातानं देऊन दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या, शिवाय ईमेल करा. शिक्का नाकारला तर स्पीड पोस्ट आणि पोचपावती.

मग माहिती अधिकार. दहा रुपये, जिल्ह्याच्या एसपी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. "सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. नेमकं मागा: त्या तीन दिवसांच्या स्टेशन डायरीच्या नोंदी, लॉकअप रजिस्टरची पानं, ड्युटी चार्ट, स्टेशनच्या गाडीचं लॉगबुक आणि कलम ३७ खाली स्टेशनात व जिल्हा मुख्यालयात लावलेली अटक झालेल्यांची यादी. "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर दुसरा अर्ज: बिघाडाचा अहवाल कोणत्या तारखेला, कोणाला पाठवला? तोही नसेल तर कोर्टापुढे त्या उत्तराची किंमत फुटेजपेक्षा कमी नाही.

तपासाला बाधा येते म्हणून कलम ८(१)(ह) खाली नकार येण्याची शक्यता धरून चाला. तीस दिवसांत पहिलं अपील करा. बाधा नेमकी कशी येते हे अधिकाऱ्यानं दाखवायचं असतं, नुसतं कलम लिहून भागत नाही. लॉगबुक मात्र सहसा सुटतं, आणि त्यात "शुक्रवार १९.१०, अमुक वाड्यावर, दोन कॉन्स्टेबल" अशी ओळ सापडली तर बाकीचं सोपं होतं.

मोबाईल परत मिळालाय का? मिळाला असेल तर त्यातली गुगल टाइमलाइन आधी बॅकअप करा, ती आता फोनमध्येच साठते. फोन बदलला की गेली. टॉवर लोकेशन तुम्हाला खासगीत मिळणार नाही, पण कंपन्यांना हे रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावं लागतं आणि कोर्टाच्या आदेशानं मागवता येतं. शनिवारी घरचे गेले तेव्हा कोणी ११२ ला फोन केला होता का? कोणाला व्हॉट्सॲपवर "अजून सोडलं नाही" असं लिहिलं होतं का? ते संदेश पुसू नका. त्या वेळी सहज लिहिलेली ओळ नंतर वकिलानं लिहून घेतलेल्या प्रतिज्ञापत्राहून जास्त बोलते.

मेरशीकट्टा

मुदतीचं कोणी बोललं नाही, आणि लोकांचं सगळ्यात जास्त तिथेच बिनसतं.

बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल भरपाईचा दिवाणी दावा मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७३ खाली येतो. एक वर्ष, सुटका झाली त्या दिवसापासून. सूडानं खटला चालवल्याबद्दलचा दावा वेगळा, अनुच्छेद ७४. तिथेही एक वर्षच, पण निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून. लोक या दोन्हींची गल्लत करतात. "आधी केस संपू दे, मग बघू" म्हणून तीन-चार वर्षं थांबतात आणि डांबल्याचा दावा मेलेला असतो. तुमच्या मुलावर गुन्हाच नाही, म्हणजे ७४ चा प्रश्नच नाही. घड्याळ रविवारी संध्याकाळी चारला सुरू झालं.

त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. सरकारविरुद्ध आणि कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्याविरुद्ध दावा लावण्याआधी ती द्यावीच लागते. नोटिशीत फिर्यादीचं नाव, वर्णन, पत्ता, दाव्याचं कारण आणि नेमकी मागणी हवी. सरकारची नोटीस सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला. अधिकाऱ्याची नोटीस त्याच्या हातात किंवा त्याच्या कचेरीत. एसपीला दिली म्हणजे सरकारला पोचली असं होत नाही. इथे दावा निव्वळ तांत्रिक कारणावर पडतो. नोटिशीचे दोन महिने मुदत कायद्याच्या कलम १५(२) खाली मुदतीतून वगळले जातात हे खरं, पण त्या भरवशावर अकराव्या महिन्यात नोटीस देणं म्हणजे शेवटच्या बसच्या भरवशावर लग्नाला जाण्यासारखं आहे.

दाव्यात गोवा राज्याला पक्षकार करावंच लागतं. अधिकारी नावानिशी घालावेत आणि प्रत्येकानं काय केलं ते वेगळं लिहावं. "पोलिसांनी डांबलं" असं मोघम लिहिलं तर प्रत्येक जण म्हणतो तो मी नव्हेच. नावं ड्युटी चार्टवरून मिळतील. दावा जिथे डांबलं त्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात लावता येतो.

हायकोर्टाची वाट वेगळी. घटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका (हक्कभंगाबद्दल थेट हायकोर्टात अर्ज) पर्वरीला. तिला कलम ८० ची नोटीस लागत नाही, मंजुरी लागत नाही, कोर्ट फीही किरकोळ. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल भरपाई देता येते हे १९८३ च्या रुदुल शाह निकालापासून पक्कं आहे. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: अशा याचिकेत सरकारला सार्वभौम कर्तव्याची ढाल (हे राज्यकारभाराचं काम, त्याची भरपाई नाही, ही सबब) पुढे करता येत नाही. दिवाणी दाव्यात मात्र सरकारी वकील तीच ढाल म्हणून अजूनही १९६५ चा कस्तुरीलाल निकाल काढतात.

पण हायकोर्ट साक्षीपुरावा नोंदवत बसत नाही. पोलीस प्रतिज्ञापत्रावर म्हणाले की तो रविवारीच आला आणि तुमच्याकडे तुमच्या शब्दाशिवाय काही नसेल, तर "वस्तुस्थितीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा" असं सांगून याचिका निकाली निघू शकते. म्हणून पाटोपूल यांनी सांगितलेलं आधी. फुटेज, लॉगबुक किंवा टाइमलाइन, यातलं एक जरी पक्कं हाती आलं तर मी रिटच निवडेन. काहीच नसेल तर दिवाणी दावा, जिथे ड्युटी ऑफिसरला पिंजऱ्यात उभं करून विचारता येतं.

एक सापळा. रिट प्रलंबित आहे म्हणून दिवाणी दाव्याचं एक वर्ष थांबत नाही. रिटचा निकाल तेरा महिन्यांनी "दिवाणीत जा" असा आला तर मुदत कायद्याच्या कलम १४ ची सवलत (चुकीच्या कोर्टात गेलेला वेळ वगळण्याची) मिळते की नाही यावरच वर्ष-दोन वर्षं वाद चालेल. कलम ८० ची नोटीस रिटच्या बरोबरीनं देऊन ठेवायची, दावा मुदतीत दाखल करायचा आणि रिट प्रलंबित आहे हे त्यात उघड लिहायचं.

कागदोपत्री

मेरशीकट्टा, एकदम मान्य. एक पुरवणी. इंटरनेटवर मराठीत फिरणारे नोटिशींचे नमुने बहुतेक महाराष्ट्रातले असतात आणि त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमं असतात. तो कायदा गोव्यात लागू नाही. इथे अजून १८६१ चा पोलीस कायदा. त्याच्या कलम ४२ मध्ये तीन महिन्यांची मुदत आणि एक महिन्याची आगाऊ नोटीस आहे. ते त्या कायद्याखालच्या कृत्यांपुरतं आहे, आणि अटक व कोठडीचे अधिकार बीएनएसएसमधून येतात, असं उत्तर देता येतं. पण बचावाचा वकील हा मुद्दा काढणार हे धरून चाला. वाद टाळायचा सोपा उपाय म्हणजे नोटीस या महिन्यातच देणं आणि ती संपताच, तीन महिन्यांच्या आत, दावा लावणं.

पायलट_जीए०३

आणि फौजदारी? अधिकाऱ्यावर गुन्हाच नोंदवला तर? भरपाईनं काय होणार, पैसे सरकारी तिजोरीतूनच जाणार ना.

कागदोपत्री

करता येतो, पण ही वाट चढाची आहे. बीएनएसचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १२७(२), बेकायदा कोंडून ठेवणं, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याला दखल घेण्याची मुदतही एकच वर्ष, बीएनएसएस कलम ५१४. जास्त नेमकं कलम २५८: कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असून अधिकाराच्या जोरावर दुष्ट हेतूनं कोंडणं, सात वर्षांपर्यंत. तिथे ही मुदत आड येत नाही, पण "माहीत असून" आणि "दुष्ट हेतूनं" हे दोन्ही सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. खोटी वेळ घालून कागद केला असेल तर २०१ ही पाहा.

क्रम असा: स्टेशनात तक्रार, नाही घेतली तर बीएनएसएसच्या कलम १७३(४) खाली एसपीला, मग शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) चा अर्ज. पायऱ्या गाळल्या तर अर्ज परत येतो. शिवाय नव्या १७५(४) प्रमाणे लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेट त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतो आणि त्याचं म्हणणं पाहतो. म्हणजे अधिकाऱ्याला तुमची सगळी बाजू आधीच कळते. म्हणून फुटेज हाती येण्यापूर्वी हा अर्ज करू नका.

सरकारी मंजुरीचं कलम आता बीएनएसएसचं २१८. ते फौजदारी खटल्यापुरतं आहे, दिवाणी दाव्याला आणि रिटला ते लागू नाही. तांबडीमाती यांना ज्यांनी मंजुरीची भीती घातली, त्यांनी दोन गोष्टी एकात मिसळल्या. खटल्यातही ते संरक्षण मूळ नियमानं सरकारच्या मंजुरीशिवाय पदावरून काढता येत नाही अशांनाच. कॉन्स्टेबल आणि उपनिरीक्षक त्यात येतात का हे त्यांची नेमणूक कोणी केली आणि सरकारनं वेगळी अधिसूचना काढली आहे का यावर ठरतं. मंजुरीच्या अर्जावर सरकार १२० दिवस गप्प राहिलं तर ती मिळाली असं मानायचं, ही नवी सोय आहे. मात्र २०२० च्या देवराजा निकालानंतर "कामाच्या ओघात मर्यादा ओलांडली" एवढ्यानं मंजुरीची गरज संपत नाही. हे अधिकारी ओळखून असतात.

पैसे तिजोरीतून जातात हे खरं. म्हणून मागणीत "आधी राज्यानं द्यावी आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करावी" हे वाक्य स्वतंत्र घाला, शिवाय खातेनिहाय चौकशीची मागणी करा. अधिकाऱ्याला दंडापेक्षा सेवापुस्तकातली नोंद जास्त झोंबते.

पाटोपूल

आयोगांचं थोडक्यात. गोवा मानवाधिकार आयोग पणजीत आहे. फी नाही, वकील नको, घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार. आयोग फक्त शिफारस करतो, सरकारला आदेश देऊ शकत नाही. पण नोटीस काढून पोलिसांकडून अहवाल मागवू शकतो आणि फुटेज बोलावू शकतो, तेवढ्यासाठी तरी लवकर जा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हे २००६ च्या प्रकाश सिंग निकालातून आलेलं. तिथली सुनावणी खात्याच्या कारवाईसाठी उपयोगी, भरपाईसाठी नव्हे. अध्यक्षाची जागा रिकामी असेल तर तक्रार पडून राहते, म्हणून आधी विचारून जा. दोन्ही ठिकाणी लिहिताना वेळा आणि नावं तीच ठेवा. एका अर्जात साडेसात आणि दुसऱ्यात आठ लिहिलं तर सरकारी वकिलाचं काम तुम्हीच केलंत.

तांबडीमाती

देव बरें करूं सगळ्यांना. मामलेदार कचेरीत आज अर्ज दिला. तिकडच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे चोवीस दिवसांचं रेकॉर्डिंग आहे म्हणतो, उद्या जातो. आणखी दोन प्रश्न. मागायचे किती? आणि काल परत फोन आला, "साहेब भेटायला बोलावतात, आपसांत मिटवू". जावं का?

मेरशीकट्टा

दुसरं आधी. फोनवरच्या बोलावण्यावर जाऊ नका. उत्तर एकच: लेखी नोटीस द्या, वकिलाबरोबर येतो. कलम ३५(३) ची नोटीस खरंच आली तर मात्र टाळू नका, ती न पाळणं हेच ३५(६) खाली अटकेचं कारण होऊ शकतं. ठरल्या वेळी हजर राहा, पोच घ्या. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा नाही. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ तेच सांगतं. "मी स्वखुशीनं आलो होतो" असा कागद पुढे केला तर त्यावर काहीही लिहू नका. तो एक कागद तुमचे साडेएकोणचाळीस तास खाऊन टाकेल. फोनचा नंबर, वेळ आणि बोलणं त्याच दिवशी वहीत टिपा.

आता रक्कम. ठरलेला तक्ता नाही. रुदुल शाहला सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये एकूण पस्तीस हजार दिले. आमदार भीम सिंग यांना १९८५ मध्ये पन्नास हजार. नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख, पण तिथे अख्खं आयुष्य उद्ध्वस्त झालं होतं. मुंबईत एका महिलेला रात्रभर बेकायदा ठेवल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये अडीच लाख दिले. मारहाण नसलेल्या दोन रात्रींसाठी कोटीची मागणी केलीत तर कोर्ट हसेल, शिवाय दिवाणी दाव्यात कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर भरावी लागते. बीएनएसएसच्या कलम ३९९ मध्येही भरपाई आहे, ती विनाकारण अटक करवणाऱ्या तक्रारदाराकडून, आणि जास्तीत जास्त एक हजार रुपये! ती सोडून द्या.

मागणी तुकड्यांत लिहा. प्रत्यक्ष नुकसान: शनिवार-रविवारची बुडालेली भाडी, त्यासाठी आधीच्या दोन महिन्यांचे बँक खात्याचे उतारे, रद्द झालेलं बुकिंग, वकिलाची पावती. मग स्वातंत्र्य हिरावल्याबद्दल. मग मानहानीबद्दल, वाड्यावर कोणी पाहिलं, गाडीच्या मालकानं काम काढून घेतलं का. मग दंडात्मक रक्कम, कारण खोटी वेळ घालून कागद केला. आणि निकालापर्यंत व्याज. पुरावा नसलेलं प्रत्यक्ष नुकसान लिहू नका, एक आकडा खोटा निघाला की बाकीच्यांवरही पाणी पडतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उत्तरेचं मेरशीच्या कोर्टात, दक्षिणेचं मडगावला. फोन १५१००. उत्पन्नाची मर्यादा आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीत असलेल्यांना ती लागू नाही.

कागदोपत्री

नोटिशीच्या चार प्रती: मुख्य सचिव, सचिवालय, पर्वरी. उत्तर गोवा जिल्हाधिकारी, पणजी. एसपी. आणि ज्या ज्या अधिकाऱ्यावर नावानिशी दावा आहे त्याला त्याच्या स्टेशनच्या पत्त्यावर. त्याची बदली झाली असेल तर नव्या जागीही. सचिवालयाच्या इनवर्डला दुपारच्या आधी जा, आणि शिक्क्यातली तारीख वाचता येते का ते तिथेच बघा. दोन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.